जावईबापूंची पहिली बॉडी

"कॅमेरा निवडायला अक्कल लागते, आणि ती आपल्याकडे आहे!"

जावईबापूंनी जेवणाच्या टेबलावर हे जाहीर केलं आणि त्यांच्या बायकोचा वाढता हात हवेतच थांबला. तिला या वाक्याचा पूर्वानुभव होता. मागच्या खेपेला वाक्यात कॅमेऱ्याच्या जागी वॉशिंग मशीन होतं. ते मशीन आत घेण्यासाठी न्हाणीघराची चौकट फोडावी लागली होती, आणि तेव्हापासून त्या दाराला कडी म्हणून काही लागत नाही. आत जाणारा माणूस मोठ्याने गाणं म्हणतो.

जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. लग्नानंतर सासूबाईंच्या घरात राहायला आले आणि अख्ख्या इमारतीचे जावईबापू झाले. वॉचमनपासून वरच्या मजल्यावरच्या सेक्रेटरीकाकांपर्यंत सगळे त्यांना याच नावाने हाक मारत, आणि सासूबाईंना आजी म्हणत. घरजावई हा शब्द मात्र कुणी त्यांच्या तोंडावर उच्चारत नसे. एवढं सौजन्य त्या इमारतीत होतं.

कामाला ते चष्म्याच्या दुकानात. डोळे तपासायचे, नंबर काढायचा, "आता वरची ओळ वाचा, आता खालची" करायचं. त्यामुळे लेन्स या विषयावर जगात आपल्यासमोर कुणी तोंड उघडू नये असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

आता कॅमेरा कशाला? तर सासूबाईंसाठी!

सासूबाई पोस्टातून निवृत्त झाल्या आणि पासष्टी ओलांडल्यावर पोहायला शिकल्या. लोक या वयात पाय दुखतात म्हणून बसतात, या पाय दुखतात म्हणून पोहायला लागल्या. आणि शिकल्या त्या अशा, की ज्येष्ठांच्या स्पर्धेत उतरायला लागल्या! गेल्या वर्षी जावईबापूंनी मोबाइलवर त्यांचे फोटो काढले होते. भलामोठा निळा तलाव आणि मधोमध एक ठिपका.

"हे काय आहे?" सासूबाईंनी चष्मा पुसून विचारलं होतं.

"तुम्ही, आई!"

"मी? मला वाटलं, कुणाच्या बाटलीचं बूच पडलंय."

तेही चाललं असतं. पण सासूबाईंची दूरगावी राहणारी थोरली बहीण तो फोटो बघून म्हणाली, "या वयात कोण पोहतं गं? उगीच थापा मारू नकोस. पाण्याची बाटली उघडताना तुला दम लागतो." हे मात्र सासूबाईंना झोंबलं. यंदाची स्पर्धा रविवारी होती आणि एक तरी असा फोटो हवा होता की ज्यात पाणी, सासूबाई आणि त्यांचं नाक तिन्ही वेगवेगळं ओळखू यावं!

"लांबचं टिपायचं तर लेन्स बदलता येणारा कॅमेराच हवा," जावईबापू म्हणाले. "माझ्यावर सोपवा, आई!"

सासूबाईंनी सोपवलं आणि त्या सरावासाठी धाकट्या लेकीकडे राहायला निघून गेल्या. तलाव तिच्या घरासमोरच होता.

झालं! जावईबापूंच्या अंगात कॅमेरा संचारला. सकाळी दात घासताना ते मोबाइलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघत. एकदा त्याच नादात त्यांनी दाढीचं क्रीम ब्रशवर घेतलं आणि "आज पेस्टला चव वेगळी लागतेय" असं म्हणत निम्मे दात घासलेही. दुकानात गिऱ्हाईक "ओळ धूसर दिसते" म्हणालं की ते म्हणत, "धूसर नाही, मागची बाजू अशी धूसर येण्यासाठी लोक महागडी लेन्स घेतात!"

त्यांचा एक शाळेपासूनचा मित्र दातांचा डॉक्टर होता आणि त्याला फोटोग्राफीचा जुना नाद होता. जावईबापू त्याच्या दवाखान्यात गेले आणि पेशंटच्या खुर्चीवर आडवे होऊन सल्ला मागू लागले.

"सोपं आहे," डॉक्टर म्हणाला. "आरसावाला जुना प्रकार सोड, बिनआरशाचा घे, हलका असतो. दुकानात जाऊन हातात धरून बघ. जो हातात नीट बसेल तो तुझा. आणि बॉडीबरोबर, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्याबरोबर, जी साधी लेन्स येते ना, तीच घे. वर्षभर तिच्यावर हात बसव. मग आपल्याला काय हवंय ते आपोआप कळतं."

जावईबापू खुर्चीत ताडकन उठून बसले. वरचा दिवा त्यांच्या कपाळावर आपटला.

"बरोबर येणारी लेन्स? म्हणजे रेडिमेड? अरे, मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की रस्त्यावरचे रेडिमेड चष्मे घेऊ नका, आणि मीच रेडिमेड लेन्स लावू? हॅ! मी फक्त बॉडी घेणार! लेन्स मागाहून, पारखून!"

"मग रविवारी बॉडीला काय लावणार? बाटलीचं झाकण?"

"तुझ्याकडे आहे ना लांब पल्ल्याची लेन्स! एक दिवस दे."

डॉक्टर "बरं" म्हणाला. बाहेरच्या खोलीत दाढ धरून बसलेला एक माणूस कण्हत होता, त्यामुळे कुणी जास्त खोलात शिरलं नाही.

कॅमेऱ्याच्या दुकानात जावईबापूंनी अर्धा दिवस काढला. एक कॅमेरा इतका जड की गळ्यात अडकवताच त्यांना आपण पोक काढून माफी मागतोय असं वाटलं. दुसरा इतका चिमुकला की त्यांचं बोट एकाच वेळी तीन बटणांवर पडायचं. तिसरा मात्र हातात घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला! बोटं आपोआप जागच्या जागी. "हाच! हीच!" ते ओरडले. कॅमेरा पुल्लिंगी असला तरी बॉडी स्त्रीलिंगी, त्यामुळे आनंदात लिंग घसरलं.

"लेन्ससकट घ्या ना साहेब," सेल्समन म्हणाला. "नुसती बॉडी दुकानात नाहीये. गोडाउनमधून मागवावी लागेल. शनिवारपर्यंत येईल."

"मागवा! मी थांबतो!"

आणि इथून पुढे जे झालं त्याला कॅमेऱ्याकडे इलाज नव्हता.

बुधवारी जावईबापू इमारतीचा जिना दोन-दोन पायऱ्या उतरत निघाले होते. समोरून सेक्रेटरीकाका धापा टाकत वर येत होते. काका हे इमारतीचं वर्तमानपत्र. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचा गीझर बिघडला, सगळं आधी काकांना कळे आणि मग ज्याचा गीझर त्याला.

"काय जावईबापू, आजी दिसल्या नाहीत दोन-तीन दिवसांत?"

"आई गेल्या की!" जावईबापू उतरता उतरता म्हणाले.

काकांनी कठडा धरला. "गेल्या? कधी?"

"सोमवारी. सुटल्या एकदाच्या! घरात नुसती तडफड चालली होती त्यांची."

"आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत?"

"अहो, गडबडीत राहूनच गेलं! पण रविवारी आहेच की. सगळे जमतीलच!" असं म्हणून जावईबापू शीळ घालत खाली उतरले. काका त्या शिळेकडे, म्हणजे शीळ गेली त्या दिशेकडे, कितीतरी वेळ बघत राहिले. माणूस किती निर्दय असू शकतो! का दुःखाने डोक्यावर परिणाम झाला बिचाऱ्याच्या?

दुपारी चष्म्याच्या दुकानात जावईबापूंनी फोन लावला. शेजारच्या टेबलावर दुकानाचे मालक एका फ्रेमची काडी बसवत होते. मालक स्वभावाने हळवे. चष्मा तुटलेलं लहान मूल आलं तर आधी मालकांना रडू येई.

"हॅलो! माझी बॉडी आली का?"

मालकांच्या हातातली काडी निसटली.

"अजून गोडाउनमध्येच? अहो, किती दिवस पडून राहणार ती तिथं? नाही नाही, दुसरी कुठली चालणार नाही! मी स्वतः बघून, हात लावून ओळखलीये... हे बघा, सासूबाईंसाठीच चाललंय हे सगळं. रविवारी सकाळी तलावावर कार्यक्रम आहे. तोवर ताब्यात मिळाली नाही तर घरी काय तोंड दाखवू मी?... ओळखपत्र आणतो, सही करतो, काय हवं ते करतो!"

त्यांनी फोन ठेवला. मालक टेबलामागून उठून आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

"तलावातच का रे?" मालकांनी हलक्या आवाजात विचारलं.

"हो ना, तलावातच!" जावईबापूंचे डोळे चमकले. मालकांना ते पाणावलेले वाटले. "त्यासाठीच तर ही सगळी धावपळ."

"पहिल्यांदाच करतोयस ना हे सगळं?"

"हो, मालक. पहिलीच बॉडी माझी."

"पहिली?"

"म्हणजे सुरुवात तर झाली! एकदा सवय झाली की पुढे आणखी घेईन. माझा तो दातांचा डॉक्टर आहे ना, त्याच्या घरात तीन आहेत. कपाटात ठेवतो. दमट हवेत बुरशी धरते म्हणून कपाटात लाइट लावलाय."

मालक मागे सरकून स्टुलावर बसले. मग त्यांनी मनाशी ठरवलं की धक्क्याने माणूस काहीही बरळतो. "तू घरी जा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "सोमवारपर्यंत येऊ नकोस. पगाराची काळजी करू नकोस."

"मालक! तुम्हाला फोटोग्राफीची एवढी कदर असेल असं मला वाटलं नव्हतं!" असं म्हणून जावईबापूंनी त्यांना मिठी मारली आणि ते पळाले. शेवटचं वाक्य मालकांनी ऐकलंच नाही, कारण ते रुमाल शोधत होते.

गोष्ट इथवरच राहिली असती. पण शुक्रवारी सेक्रेटरीकाका आपला नवा चष्मा घ्यायला नेमके त्याच दुकानात आले! मालकांनी त्यांना आत बसवलं. काकांनी 'गेल्या' सांगितलं, मालकांनी 'बॉडी' सांगितली. दोन अर्ध्या काचा जुळल्या आणि दोघांनाही सगळं लख्ख दिसायला लागलं!

"तरीच शीळ घालत होता," काका म्हणाले. "आतून पार मोडलाय तो."

"घरी काही बोलू नका," मालक म्हणाले. "पण आपण सगळे त्याच्या पाठीशी उभे राहू."

शनिवारी दुपारी बॉडी आली! जावईबापूंनी दुकानातच खोकं छातीशी धरलं आणि टॅक्सी केली. सराव संपला म्हणून बायको आईला आणायला धाकट्या बहिणीकडे गेली होती. आपण आधी घरी पोहोचायचं, खोकं टेबलावर ठेवायचं आणि सासूबाई आल्या की त्यांच्याच हातून उघडायचं, असा बेत होता.

इमारतीच्या दारात ते थबकले. आत माणसंच माणसं! पहिल्या मजल्यावरचे, दुसऱ्या मजल्यावरचे, लिफ्टसाठी वर्गणी द्यायला कधीही न सापडणारे, सगळे! प्रत्येकाच्या हातात फुलं. शिवाय दुकानाचे मालकही, काळा चष्मा लावून. जावईबापूंनी खोकं आणखी घट्ट धरलं. एका कॅमेऱ्यासाठी एवढी माणसं!

"अहो, कशाला एवढं केलंत?" ते म्हणाले. "मलाच विश्वास बसत नाहीये की अखेर मिळाली!"

गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. सगळ्यांचे डोळे खोक्यावर खिळले.

"एवढ्याशा खोक्यात?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"आटोपलं वाटतं सगळं परस्पर," दुसरं कुणी कुजबुजलं.

"लहान दिसते, पण आत सगळं आहे हं!" जावईबापू अभिमानाने म्हणाले. "काका, धरून बघा, किती हलकी आहे!"

सेक्रेटरीकाका एकदम भिंतीला टेकले. "नको! नको हो!"

"घाबरू नका, पडली तरी दोन वर्षांची गॅरंटी आहे."

काकांनी डोळे मिटले. मालक पुढे झाले. "सोबत... आणखी काही दिलं का त्यांनी?"

"पट्टा आणि चार्जर," जावईबापू म्हणाले.

तेवढ्यात जावईबापूंचं लक्ष सूचनाफलकाकडे गेलं. एरवी तिथं पाणी बंद राहण्याची सूचना असे. आज तिथं जाड काळ्या चौकटीत लिहिलं होतं, 'आपल्या सर्वांच्या लाडक्या आजी यांचे तलावात दुःखद निधन.' आणि खाली फोटो म्हणून इमारतीच्या ग्रुपवरून घेतलेला तोच गेल्या वर्षीचा, निळ्या तलावातला ठिपका!

"हे काय?" जावईबापू किंचाळले. "आई गेल्या? कधी? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"तुम्हीच तर सांगितलंत!" काकाही किंचाळले.

सकाळीच तर सासूबाईंशी फोनवर बोलणं झालं होतं! ते खोकं घेऊन जिन्याच्या पायरीवर मटकन बसले आणि रडायलाच लागले. त्यांना रडताना पाहून मालकांचा बांध फुटला, आणि मालकांच्या मागोमाग अख्खा पहिला मजला हुंदके देऊ लागला.

अशा वेळी दारात टॅक्सी थांबली. खांद्याला पोहण्याची बॅग, ओले केस, लाल तुकतुकीत चेहरा अशा सासूबाई उतरल्या. मागून जावईबापूंची बायको. गर्दी बघून सासूबाईंच्या चपलांची फटफट एकदम थांबली.

"अरे देवा! कोण गेलं?"

सासूबाईंनी सेक्रेटरीकाकांच्या दंडाला धरून हलवलं. "अहो, बोला ना! कोण गेलं?"

काकांच्या तोंडून जेमतेम शब्द फुटला. "तुम्ही."

सासूबाईंनी फलक वाचला. एकदा चष्मा न लावता, एकदा चष्मा लावून. मग त्या वळल्या.

"दुसरा फोटो मिळाला नाही?"

पुढची काही मिनिटं नुसता गोंधळ! बायको नवऱ्याला विचारतेय, नवरा काकांना, काका मालकांना, आणि मालक "बॉडी, बॉडी" एवढंच म्हणतायत. अखेर जावईबापूंनी खोकं फोडून कॅमेरा वर धरला. "ही! ही बॉडी! कॅमेऱ्याला बॉडी म्हणतात!"

"मग कॅमेरा म्हण ना!" मालक गरजले. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणावर ओरडले असतील. मग त्यांनी सासूबाईंचा हात हातात घेतला आणि पुन्हा रडले, पण आता आनंदाने.

तेवढ्यात सासूबाईंच्या पर्समधला फोन वाजला. थोरली बहीण! काकांनी कर्तव्य म्हणून तिलाही कळवलं होतं.

"हॅलो ताई," सासूबाई म्हणाल्या.

पलीकडून बारीक आवाज आला. "तू... कुठून बोलतेयस?"

"घरून! आणखी कुठून?"

"खरंच तू आहेस? का तुझ्या आवाजात कुणी थट्टा करतंय?"

"अगं, लहानपणी जिची बाहुली विहिरीत टाकून वर तिलाच मार खायला लावलास, ती मीच!"

पलीकडे ताईंनी जो हंबरडा फोडला तो तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. मग नाक शिंकरून त्या म्हणाल्या, "पोह बाई, हवं तेवढं पोह! पण मला उद्या फोटो पाठव. तोंड दिसलं पाहिजे. डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायचं नाही."

म्हणजे बघा! काल-परवापर्यंत तो फोटो पोहण्याचा पुरावा होता, आता जिवंत असण्याचा झाला!

सासूबाईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि काकांच्या खिशातून डोकावणाऱ्या कागदाकडे बोट केलं. "ते काय?"

"चार शब्द लिहिले होते," काका ओशाळून म्हणाले. "श्रद्धांजलीचे."

"वाचा."

"अहो, आता कसं..."

"वाचा हो! एवढं लिहिलंय ते फुकट का जाऊ द्यायचं?"

काकांनी खाकरून सुरुवात केली. 'होत्या' आलं की अडखळत आणि 'आहेत' म्हणत. "आजी अत्यंत धाडसी होत्या... आहेत. त्यांची उणीव सदैव भासत... भासत नाही." सासूबाई जिन्यावर बसून, हनुवटीला हात लावून अगदी मन लावून ऐकत होत्या. वाचन संपल्यावर त्या उठल्या आणि सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "गेल्या वर्षी पोहले तेव्हा इमारतीतलं कुत्रंही आलं नव्हतं. मेले म्हटल्यावर सगळे हजर! आता उद्या सकाळी सगळ्यांनी तलावावर यायचं. ही फुलं पाण्यात ठेवा, उद्या चालतील."

"येणार! येणार!" अख्खा जिना दुमदुमला.

संध्याकाळी डॉक्टर मित्र लेन्स घेऊन आला. हातभर लांबीची, पांढरीशुभ्र! जावईबापूंनी ती बॉडीच्या तोंडाला लावली. फिरवली. उलटी फिरवली. दात-ओठ खाऊन फिरवली.

"थांब, थांब!" डॉक्टर ओरडला. "तू कुठल्या कंपनीची बॉडी घेतलीस?... अरे, माझी दुसऱ्या कंपनीची! यांची तोंडं जुळत नाहीत! एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात बसेल का?"

"पण शेवटी लेन्स ती लेन्स ना?"

"तुझ्या दुकानात एका फ्रेमची काच दुसऱ्या फ्रेममध्ये बसते?"

कॅमेऱ्याचं दुकान तोवर बंद झालं होतं आणि रविवारी ते दुपारी उघडायचं. बायकोने फक्त न्हाणीघराच्या दाराकडे एक कटाक्ष टाकला.

रविवारी सकाळी तलावाच्या कठड्यावर इमारतच्या इमारत उतरली होती! काकांच्या गळ्यात शिट्टी, मालकांच्या हातात कालची फुलं. पाण्यावर ऊन चमचमत होतं, कर्णा खरखरत होता, आणि पिवळ्या टोप्या घातलेल्या आज्या काठावर हात झटकत उभ्या होत्या. एवढ्या उत्साहाच्या धबडग्यात जावईबापू तेवढे गळ्यात बिनलेन्सचा कॅमेरा अडकवून उभे होते. समोर भोक असलेला कॅमेरा म्हणजे दात पडलेलं तोंड! लोक बघत होते आणि नजर वळवत होते.

"पाठवू का काढून मोबाइलवर?" बायको म्हणाली.

"पुन्हा ठिपका? मोठ्या मावशी काय म्हणतील? त्यापेक्षा..." असं म्हणताना जावईबापूंचं लक्ष पलीकडे गेलं. एक तरुण बाई कॅमेरा सरसावून उभी होती. तीच कंपनी! तोच कॅमेरा! आणि पायाशी उघडी बॅग, बॅगेत एक लांबलचक लेन्स!

जावईबापूंनी उडीच मारली. "ताई! तुमची ती लेन्स... माझ्या सासूबाई... जिवंत आहेत हे सिद्ध करायचंय!"

ती बाई आधी दोन पावलं मागे सरकली. मग सगळी हकीकत ऐकून इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला. "घ्या हो, खुशाल घ्या! माझ्या हाताला ती जड होते, मी लहानच वापरते. फक्त एक करा. माझ्याही सासूबाई पाण्यात आहेत, पहिल्यांदाच उतरल्यात. जमलं तर त्यांचेही एक-दोन काढा."

"एक-दोन? पाच काढतो!"

लेन्स खट्‌कन बसली! काय तो आवाज! जावईबापूंना वाटलं, आपलं लग्नही इतकं चपखल जमलं नव्हतं. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. चष्मा मध्ये आला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळा लावायच्या खिडकीशेजारी एक इवलंसं चाक होतं ते फिरवून आपला नंबर लावला आणि आत बघितलं. पलीकडच्या काठावरच्या आजीच्या कानातली कुडी दिसत होती! "वाहवा!" ते ओरडले. "जगात याहून चांगला कॅमेरा नाही!"

शिट्टी झाली. आज्या पाण्यात पडल्या आणि तलाव उकळायला लागला!

"आई! आई! हाणा!" बायको ओरडत होती. काका शिट्टी फुंकत होते, पंच त्यांना हाताने गप्प बसवत होते. मालक "सांभाळून! सांभाळून!" म्हणत काठाकाठाने धावत होते. जावईबापूंनी आधी कॅमेऱ्यावरून नुसत्या डोळ्यांनी पाणी न्याहाळलं आणि मग लेन्स तिकडे फिरवली. निळ्या पाण्यातून एक पिवळी टोपी वर आली, तोंड उघडं, हात कमानीसारखा, थेंबांची माळ हवेत! सापडल्या! जावईबापूंनी बोट दाबलं ते सोडलंच नाही. खटाखट खटाखट! टोपी डावीकडे, लेन्स डावीकडे. टोपीने श्वास घेतला, खटाखट. टोपीला ठसका लागला, तोही टिपला. टोपीने काठाला हात लावला आणि जावईबापूंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दुसऱ्या! आई दुसऱ्या आल्या!" बायकोने त्यांच्या पाठीत धपाटा घातला. सगळी इमारत नाचत होती. मालकांनी भावनेच्या भरात फुलं पाण्यातच टाकली.

सासूबाई टॉवेल गुंडाळून, पदक गळ्यात घालून आल्या. गालावर पोहण्याच्या चष्म्याच्या रबराचे वळ, पण चेहरा नुसता फुललेला. "आले का फोटो?"

"आले म्हणजे! आई, तुमचं नाकच काय, पापणीवरचा थेंब मोजून घ्या!" जावईबापूंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि कॅमेरा पुढे केला.

सासूबाईंनी पहिला फोटो बघितला. दुसरा बघितला. बटण दाबत-दाबत बराच वेळ बघत राहिल्या. मागे सगळी इमारत श्वास रोखून उभी.

"सुंदर आहेत हो," त्या म्हणाल्या. "एकेक फोटो भिंतीवर लावण्यासारखा. पण ही बाई कोण?"

जावईबापूंनी कॅमेरा ओढून घेतला. चष्म्यातून नीट बघितलं. पिवळी टोपी होती, पाण्याचा चष्मा होता, थेंबांची माळ होती. टोपीखाली मात्र भलत्याच कुणी होत्या. बिनचष्म्याने तलावभर बघताना सगळ्या पिवळ्या टोप्या सारख्याच दिसणार, हे दिवसभर लोकांचे नंबर काढणाऱ्या माणसाने कुणाला सांगायचं?

तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरून ती लेन्सवाली बाई डोकावली आणि टाळ्या पिटत ओरडली, "अगंबाई! या तर माझ्या सासूबाई! अहो, मी एक-दोन म्हटलं होतं!"